दशांशराव

ज्या ऑफिसात दहा-बारा प्रोग्रामर एका छताखाली बसतात, तिथे एक दशांशराव असतातच. हिंजवडीत तर एकेका मजल्यावर दोन सापडतील. फक्त ते एकमेकांशी बोलत नाहीत. खरं नाव वेगळं असतं, पण ते पगारपत्रकापुरतं. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, शर्टाच्या खिशात पेन (हल्ली आयटीत पेन कुणाकडे असतं?) आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की जगाच्या हिशोबात कुठेतरी आठ आणे कमी पडताहेत आणि ते शोधायला यांच्याशिवाय कुणी बसणार नाही.

त्यांचा विषय एकच. आकड्यांच्या दोन याद्या घ्यायच्या. पहिलीतला पहिला आकडा दुसरीतल्या पहिल्याने गुणायचा, दुसरा दुसऱ्याने, तिसरा तिसऱ्याने, आणि सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची. १, २, ३ आणि ४, ५, ६ असतील तर ४ अधिक १० अधिक १८, झाले ३२. पुस्तकात याला अदिश गुणाकार म्हणतात, ऑफिसात डॉट प्रॉडक्ट. चौथीतलं पोर बोटांवर करेल. बाकीचं जग एवढं एका ओळीत लिहून जेवायला निघून जातं. दशांशराव जात नाहीत. 'चालतंय ना सर?' असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "चालतंय. पण चुकून चालतंय."

नवीन लागलेल्या एका मुलीचा कोड त्यांच्याकडे रिव्ह्यूला गेला. पायथनची एकच ओळ. दोन याद्या 'झिप'ने जोडल्या होत्या, 'सम'ने बेरीज केली होती. दशांशरावांनी शेजारची खुर्ची ओढली. ते खुर्ची ओढतात तेव्हा आसपासचे लोक हळूच हेडफोन चढवतात.

"छान आहे. सुटसुटीत आहे. आता मला सांग, एका यादीत शंभर आकडे आले आणि दुसरीत नव्व्याण्णव, तर?"

"नाही येणार सर."

"कोण म्हणतं?"

"डेटाबेसमधूनच येतात ना दोन्ही."

"अगं, डेटाबेसमध्ये माणसं भरतात."

मग झिपचं चारित्र्य उलगडून सांगणं आलं. छोटी यादी संपली की झिप गुपचूप थांबते. मोठ्या यादीतला उरलेला आकडा गिळते आणि ढेकरही देत नाही. उत्तर येतं, चुकीचं येतं, आणि वर ते बरोबर उत्तरासारखंच दिसतं. पायथन ३.१० पासून झिपला 'स्ट्रिक्ट' अशी ताकीद देता येते. मग लांबी जुळली नाही तर ती बोंब मारते. हे सांगताना दशांशरावांचा आवाज असा लागतो, की ती सोय त्यांनीच अर्ज करून मिळवली असावी.

घरीही हेच. महिन्याचं वाणसामान म्हणजे त्यांच्या मते दर महिन्याचा अदिश गुणाकार. साखर ५ किलो ४४ ने, तूरडाळ २ किलो १६० ने, रवा दीड किलो ४० ने: ६००. एकदा काकूंनी यादीत गूळ लिहिला आणि त्याच्यापुढे भाव टाकायचा राहिला. दुकानदाराने बेरीज करता करता मान वर केली आणि विचारलं, "गुळाचं काय धरायचं?" दशांशराव गहिवरले. "बघ," ते काकूंना म्हणाले, "हा विचारतो तरी!" काकूंना यातलं काय कळलं, ते त्यांनी पुढच्या महिन्यापासून सामान ॲपवरून मागवायला सुरुवात केली यावरून ठरवावं.

दशांशरावांच्या बोलण्यात एक नाव सारखं येतं: डोंगारा. ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना पहिले काही महिने ते सदाशिव पेठेतले कुणी डोंगरे वाटतात. हे जॅक डोंगारा, अमेरिकन, २०२१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळवलेले. फोरट्रानमध्ये 'डीडॉट' नावाची एक जुनी उपक्रिया आहे. रेषीय गणिताच्या ज्या मूलभूत उपक्रियांना जगभर 'ब्लास' म्हणतात आणि ज्यांच्यावरचा निबंध १९७९ साली छापून आला, त्या घराण्यातली ही. दोन याद्या घेते, एक आकडा देते. तिच्या टिपणात डोंगारांचं नाव आणि ३/११/७८ ही तारीख आहे. आत युक्ती अशी, की फेरी एकेका आकड्याने फिरत नाही, पाच-पाच जोड्या एकदम उरकते. बारा आकडे असतील तर आधी वरचे दोन निकालात काढायचे, मग पाच आणि पाच. फेऱ्या मोजण्यात आणि 'संपलं का, संपलं का' विचारण्यात यंत्राचा वेळ जायचा, तो वाचला. हे ऐकवताना दशांशराव हातांनी पाच-पाचचे गठ्ठे करून दाखवतात, आणि समोरच्याची मीटिंग सुरू होऊन गेलेली असते.

ती तारीख अमेरिकन पद्धतीने वाचायची, म्हणजे ११ मार्च. त्या दिवशी दशांशराव ऑफिसात पेढे वाटतात. एका कार्ट्याने ही तारीख आपल्या पद्धतीने वाचून ३ नोव्हेंबरलाही पेढे मागितले. दशांशरावांनी आणले. संदिग्ध तारखेची जबाबदारी ते टाळत नाहीत.

पण त्यांचा हुकमाचा एक्का वेगळाच. कॅन्टीनमध्ये कागदी रुमालावर ते पहिली यादी लिहायचे: एकावर सोळा शून्यं, मग १.०, मग उणे एकावर सोळा शून्यं. दुसरी यादी: १.०, १.०, १.०. "उत्तर किती?" कुणीही म्हणणार, एक. "यंत्र काय म्हणतं? शून्य!" आणि ते खुर्चीला टेकायचे. कारण साधं आहे. चौसष्ट बिटांत दशांश आकडा ठेवायचा तर सोळाएक अंकांपुढचं काही मावत नाही. अवाढव्य रकमेत एक मिळवला तर तो एक दारातच गळून पडतो. मग रक्कम वजा झाली की हातात भोपळा. तेच आकडे वेगळ्या क्रमाने घ्या, आधी दोन्ही राक्षस एकमेकांत संपवा, की एक शाबूत. म्हणजे शाळेत शिकलेलं 'बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर तेच' हे इथे लागू नाही. हा गळणारा चुरा वेगळ्या वाटीत जपत जाण्याची रीत विल्यम कहान यांनी १९६५ मध्येच सांगून ठेवली होती, हेही रुमालाच्या मागच्या बाजूला यायचं. तोवर भात गार.

हा माणूस नुसता कटकट्या असता तर त्याला कुणीही सहन केलं असतं. असह्य होतं ते अधूनमधून त्याचं बरोबर निघणं. एका क्लायंटसाठी पुरवठादारांना गुण देण्याचा प्रोग्राम होता, सी प्लस प्लसमध्ये. चार निकष, प्रत्येकाला शून्य ते एकमधले गुण, प्रत्येकाचं वजन पाव. हाच गुणाकार, भाषेतच तयार मिळणाऱ्या 'इनर प्रॉडक्ट'ने केलेला. चाचणीत १, २, ३ असे पूर्णांक घातले होते, सगळं हिरवं. खऱ्या आकड्यांवर चालवलं तर एकूण एक पुरवठादार शून्य गुणांवर. क्लायंटकडच्या एका साहेबांना तो निकाल पटलाही होता. दशांशरावांनी मागून स्क्रीन पाहिली, बोट ठेवलं: बेरजेची सुरुवात नुसत्या ० ने. सुरुवात पूर्णांकाने केली की सगळी बेरीज पूर्णांकातच होते. पाव आला, कापून शून्य, पुन्हा पाव आला, पुन्हा शून्य. ० च्या जागी ०.० लिहिलं आणि पुरवठादारांना गुण मिळाले. एक टिंब आणि एक शून्य. त्या टिंबाची कथा आम्ही वर्षभर ऐकली, दर वेळी थोडी अधिक उशिराची रात्र घालून.

आणि मग पायथन ३.१२ आलं.

कुणीतरी सगळ्यांच्या मशीनवर ते चढवलं. दशांशरावांनी एका नव्या बॅचपुढे तोच रुमाल काढला, तेच आकडे टाकले, एंटर दाबलं. उत्तर आलं: १.०. पुन्हा दाबलं. १.०. नव्या आवृत्तीत 'सम' स्वतःच गळलेला चुरा जपू लागली होती. शिवाय गणिताच्या मोड्यूलमध्ये 'समप्रॉड' नावाचं नवं फंक्शन आलं होतं: ते नेमका हाच गुणाकार करतं, जास्तीची अचूकता राखून करतं, आणि याद्यांची लांबी जुळली नाही तर सरळ चूक दाखवतं. आयुष्यभराचे आक्षेप कुणीतरी एका फंक्शनात विरघळवून टाकले होते. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम फॉर लूप लिहून, एकेक आकडा हाताने मिळवून, ते शून्य परत मिळवलं. चुकीचं उत्तर काढायला इतके कष्ट घेणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

मला वाटलं, आता संपलं. आता ते म्युच्युअल फंडांवर बोलू लागतील. पण बाजूच्या मजल्यावर एआयवाल्यांची टोळी बसायला आली. त्यांचा सगळा संसारच या गुणाकारावर. प्रत्येक वाक्याची शेकडो आकड्यांची यादी करायची, आणि दोन वाक्यं किती जवळची हे दोन याद्यांच्या गुणाकारावरून ठरवायचं. एका पोराने मेमरी वाचवायला ते आकडे आठ बिटांत बसवले होते. उणे आकड्यांनाही जागा ठेवायची (म्हणजे 'साईन्ड') तर आठ बिटांत मावतात उणे १२८ ते १२७. दशांशराव चहाचा कप घेऊन तिथून सहज चालले होते. पोराने नमपायमध्ये गुणाकार तसाच आठ बिटांत केला होता. १०० गुणिले २, उत्तर उणे ५६.

"हे चालतंय?" दशांशरावांनी विचारलं.

"हो सर, रिझल्ट ठीकठाक येतायत."

खुर्ची ओढल्याचा आवाज लिफ्टपर्यंत गेला. संध्याकाळी सगळ्यांना निमंत्रण आलं: उद्या ४ वाजता मोठी खोली, विषय 'उणे ५६', वेळ १५ मिनिटं. त्याखाली पहिला प्रश्न झिपवाल्या त्या मुलीचा होता: "सर, हे १५ साईन्ड आहेत की अनसाईन्ड?"