कमरेवरची छायाचित्रे

रत्नागिरीस जाणारा प्रवासी प्रेक्षणीय स्थळांची जी यादी खिशात घालून निघतो, त्या स्थळांची छायाचित्रे त्याच्या आधी सहस्रावधी लोकांनी काढलेली असल्यामुळे, आपल्या चित्रात नवे असे काय येणार हा प्रश्न त्याला पडत नसला तरी पडावयास हवा. आणि त्याचे उत्तर असे की, स्थळ तेच असले तरी त्याच्या आड येणारी मंडळी रोज नवी असतात.

थिबा राजवाड्याचेच पाहा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली तख्तावरून उतरवले, पुढल्या साली रत्नागिरीत नजरकैदेत आणून ठेवले, आणि त्याच्या इतमामाला शोभेल असा वाडा पुरा होईतो १९१० साल उजाडले. सरकारी कामाची चाल तेव्हाही आजच्याइतकीच डौलदार होती म्हणावयाची! राजा १९१६ साली निवर्तला. या वाड्यावर मी भिंग रोखले तोच एक गृहस्थ सहकुटुंब मध्ये आले आणि कुटुंबास म्हणाले, "मागे राजवाडा आहे, जरा राणीसारखी उभी राहा."

"राणी इथं कैदेतच होती ना?" बाई म्हणाल्या. "मग उभी आहे ती बरोबरच आहे."

जवळच्या थिबा पॉइंटवर, काजळी नदी, भाट्याचा पूल आणि पलीकडचा समुद्र यांवरील सूर्यास्त पाहण्यासाठी लोटलेला सर्व जनसमुदाय हातभर अंतरावर मोबाइल धरून सूर्याकडे पाठ करून उभा होता. मावळत्या भास्कराकडे तोंड करून बसलेली व्यक्ती एकच, आणि ती रवंथ करीत होती.

परंतु खरी मौज हाती लागली ती एका आळीत. जांभ्या चिऱ्याच्या गडग्यापलीकडे, ओटीवर, कमरेला पंचा लावलेले एक उघडेबंब आजोबा अडकित्त्याने सुपारी कातरीत बसले होते. फोटो काढू का, असे विचारताच अडकित्ता तबकात ठेवून, चकार शब्द न बोलता ते आत निघून गेले, आणि हा नकारच समजून मी पाय काढता घेणार तोच बाहेर आले ते बंद गळ्याचा काळा कोट अन् काळी टोपी चढवून. खाली मात्र पंचा होता तो तसाच.

"कमरेवरचाच काढा," त्यांनी फर्मान सोडले, "खालचं बघायचंय कुणाला!"

मी बटण दाबण्यापूर्वीच माझी जबानी सुरू झाली: कुठचे तुम्ही, उतरलात कोणाकडे, मूळ गाव कोणते, पगार किती, आणि एवढा पगार असताना हे रिकामटेकडे उद्योग कशाला? चित्र दाखविले, तेव्हा चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि "टोपी ठीक आलीय" एवढाच निवाडा देऊन उर्वरित आकृतीविषयी मौन पाळले.

मिरकरवाडा बंदरात असा सबुरीचा कारभार नाही. पाटीतल्या सुरमईवर भिंग रोखताच मासळीवाली कडाडली, "फोटूला वास येत नाय म्हणून काढतोस व्हय? इकत घे!" आजूबाजूच्या सर्व बाया हसल्या, आणि जन्माचा शाकाहारी असलेला मी एक अख्खी सुरमई घेऊन बाहेर पडलो, ती थेट लॉजच्या आचाऱ्यास अर्पण केली.

तेव्हा वाचकहो, रत्नागिरीस कॅमेरा अवश्य न्या. मिरकरवाड्याकडे वळताना मात्र पिशवी आणि सुटे पैसे बरोबर असू द्या.