म्यूटवरची झकास गाणी

मराठीतली पहिली संगीतवाहिनी, ‘नाइन एक्स झकास’, 2011 साली सुरू झाली. त्याआधी टीव्हीवर मराठी गाण्याला हक्काचं घर नव्हतं, असं सांगायची पद्धत आहे. सांगणाऱ्यांना सांगू द्या. संगीतवाहिनी नव्हती तेव्हा संगीताचे कार्यक्रम होते. वाहिन्या आल्या आणि उरली ती नुसती गाणी.

मुंबई दूरदर्शन 1972 सालचं. पडदा कृष्णधवल, तास मोजके, शेतीपासून बातम्यांपर्यंत सगळा संसार त्यातच. तरी अरुण काकतकरांसारख्या निर्मात्याला ‘शब्दांच्या पलीकडले’ करायला जागा सापडली. पुढे अल्फा मराठीने ‘नक्षत्रांचे देणे’मध्ये एकेका कवीला, संगीतकाराला अख्खी मैफल दिली. झी मराठीच्या 2008-09 च्या ‘लिटिल चॅम्प्स’मधली कार्तिकी, आर्या, प्रथमेश, मुग्धा आणि रोहित ही पाच पोरं तर महाराष्ट्राने दत्तकच घेतली होती. त्यांच्या तोंडून नाट्यपद ऐकायला लोक जेवणाची ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायचे. यातली एकही संगीतवाहिनी नव्हती, हे लक्षात ठेवा.

मग खऱ्याखुऱ्या संगीतवाहिन्यांनी काय केलं? साचा आणला. 2007 पासून ‘नाइन एक्सएम’ने हिंदीत तो बसवला होता: निवेदक नको, मुलाखत नको, एकामागून एक गाणी आणि मधे कार्टूनच्या तोंडचे पाचकळ विनोद. कार्टून मानधन मागत नाही. ‘झकास’ने मराठीत यायची वेळही बरोबर साधली होती. ‘जोगवा’ सिनेमा 2009 चा, ‘नटरंग’ 2010 चा. गाणं गाजलं की तिकीट खपतं हे निर्मात्यांना कळून चुकलं होतं. पाठोपाठ ‘मायबोली’ आली, ‘संगीत मराठी’ आली. 2017 मध्ये झीने नाइन एक्सचा अख्खा गोतावळा, झकाससकट, 160 कोटींना घेतो म्हणून जाहीर केलं. पुढच्या वर्षी सोयरीक मोडली. 2020 मध्ये झीने स्वतःचीच ‘झी वाजवा’ काढली. लग्न मोडलं तरी वाजंत्री मात्र आलीच.

वाहिन्या एवढ्या, मग गाणी तीच ती का? उत्तर साधं आहे आणि ते कोणी मोठ्याने बोलत नाही. मराठी संगीताचा बराच मोठा खजिना बिनचित्राचा आहे. भावगीतं तबकडीवर आली, आकाशवाणीवर वाढली. भीमगीतं, कोळीगीतं, पोवाडे कॅसेटवर विकले गेले. नाट्यपदं रंगमंचावरून थेट ध्वनिमुद्रिकेत गेली. कॅमेरा कुठे होता? संगीतवाहिनीला तर व्हिडिओ लागतो. ज्याला चित्र नाही ते गाणं तिच्या लेखी जन्मालाच आलेलं नाही. मग हाताशी राहतात सिनेमाची गाणी, तीही निर्मात्याला जाहिरात म्हणून दाखवायची असतात ती. मराठी संगीताचा इतिहास त्यामुळे पडद्यावर अंदाजे ‘नटरंग’पासून सुरू होतो. त्याआधी बहुधा आपण सगळे मुके होतो.

2016 मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा वाहिन्यांच्या प्रोग्रामिंग विभागाला वर्षभर रजा दिली असती तरी चाललं असतं. ‘झिंगाट’ लावा, जाहिरात लावा, ‘झिंगाट’ लावा. संगीतकार अजय-अतुलनी त्या सिनेमासाठी लॉस एंजलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. तो ऑर्केस्ट्रा कसा उभा राहिला, व्हायोलिनचा ताफा कसा बसवला, यावर एखाद्या संगीतवाहिनीने अर्धा तास बोलावं की नाही? बोलायला माणूस लागतो. गाणं पुन्हा लावायला बटण पुरतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये मराठी संगीतवाहिनी सकाळी शटर वर गेल्यापासून चालू असते. म्यूटवर. आवाज कारागिराच्या मोबाइलला जोडलेल्या स्पीकरचा. पडद्यावर नाचतंय एक, कानावर पडतंय दुसरंच, आणि त्याबद्दल गिऱ्हाइकाची काही तक्रार नाही. मान तिरकी करून बघितलं तर नायिकेचे पाय एल-बँडने, म्हणजे पडद्याच्या कडेला आणि खाली पसरणाऱ्या जाहिरातीच्या पट्ट्याने, खाल्लेले, उजवीकडे वाहिनीचा लोगो, खाली पट्टी, पट्टीखाली आणखी एक पट्टी. केबलच्या नियमात जाहिरातींना तासाला 12 मिनिटं आहेत, दहा इतरांच्या आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या. चालू गाण्याच्या अंगाखांद्यावर चढलेल्या जाहिरातीची मिनिटं कोण मोजणार? त्या गर्दीत गीतकाराचं नाव सापडलं तर समजावं, आज दाढीला जरा जास्तच वेळ लागला. आकाशवाणीचा निवेदक कवीचं नाव घेतल्याशिवाय गाणं पुढे सोडत नसे. इथे सिनेमाचं नाव ठळक, म्युझिक कंपनीचं ठळक, आणि ज्याने शब्द लिहिले तो पट्टीखाली गाडलेला.

त्यातून आणखी एक विनोद. प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ची यंत्रं निवडक घरांतल्या टीव्हीला बसवलेली. सलून, खानावळ, हॉटेल त्यात धरलेलंच नाही. म्हणजे जिथे वाहिनी दिवसभर चालते तिथला माणूस हिशेबात नाही, आणि जो हिशेबात आहे त्याच्या हातात मोबाइल. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ 2024 मध्ये यूट्यूबवरून आणि रील्सवरून गावोगाव गेलं. वाहिनीची परवानगी मागायला ते थांबलं नाही. पूर्वी वाहिनी गाणं गाजवायची. आता गाजलेलं गाणं वाहिनी शोधत येते, तेही लग्नाच्या वरातीत सगळ्यांचं नाचून झाल्यावर. तिकडे ब्रिटनमध्ये एमटीव्हीने 2025 संपताना आपल्या संगीतवाहिन्यांना टाळं लावलं. आपल्याकडच्यांनी ती बातमी वाचली असेल अशी आशा.

वाहिनीवाल्यांनो, एक फुकटचा सल्ला. नुसतं गाणं आता फोनवर आहे, पट्टीशिवाय आहे, त्यासाठी तुमची गरज नाही. फोनवर जे नाही ते तुमच्याकडे आहे: स्टुडिओ, दिवे, तीन कॅमेरे. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, एखादा भीमगीतं गाणारा गायक बसवा, फडावरची लावणीवाली बसवा, कवीला त्याच्याच गाण्याबद्दल बोलू द्या. ज्या खजिन्याला चित्र नाही म्हणून तुम्ही हात लावला नाही, त्याचं चित्र काढायचं काम तुमचंच होतं. आणि तेवढा अर्धा तास एल-बँड काढून ठेवा.