भुवई होती का?

सकाळी सातला फोन वाजला आणि पलीकडून ‘हॅलो’ऐवजी थेट “काय आलंय आज?” असं कुणी विचारलं, की तो फोन अण्णांचा. ‘आलंय’ म्हणजे आमच्या घरी नव्हे, करवंटीवर. दोन उन्हाळ्यांपूर्वी हिनं परसातल्या कडुलिंबाला एक करवंटी टांगली, तीत मूठभर ज्वारी टाकली, खाली पाण्याचं मातीचं परळ ठेवलं. जुळे सोलापुरातलं हे घर कर्ज काढून मी बांधलं खरं, पण त्या दिवसापासून परसावरचा माझा ताबा सुटला तो सुटलाच.

तुमच्याही कॉलनीत एक अण्णा असणार. गळ्यात दुर्बीण, खिशात मळकी वही, डोक्यावर कानटोपीसारखी दिसणारी उन्हाळी टोपी, आणि तुम्ही पाहिलेल्या पक्ष्यावर तुमच्यापेक्षा त्यांचाच हक्क जास्त. तुम्ही हौसेनं सांगायला जावं, “अण्णा, आज एक नवीनच पक्षी दिसला,” की ते डोळे बारीक करून विचारणार, “भुवई होती का?”

पक्ष्याला भुवई असते हेच मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. डोळ्याच्या वरून मागे जाणाऱ्या फिकट पट्टीला ही मंडळी भुवई म्हणतात. वटवट्यांची जात म्हणे तिच्यावाचून ओळखूच येत नाही. एकजात मळखाऊ रंगाचे, भुवई हाच काय तो आधार. अहो, रोजच्या चिमण्यांतही मादीला फिकट भुवई असते, नराला नसते. “म्हणून घरात काय चाललंय ते तिला कळतं, हा नुसता चिवचिवतो.” हे दुसरं वाक्य अण्णांचं स्वतःचं संशोधन. चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’त ते नाही, मी शोधून पाहिलं.

बरं, हा प्रश्न पक्ष्यांपाशी थांबता तर माझी तक्रार नव्हती. मागच्या गल्लीतून गॅसची टाकी चोरीला गेली. चोराला पळताना पाहणारा एकुलता एक साक्षीदार म्हणजे इस्त्रीवाला. लोक विचारताहेत उंची किती, शर्ट कसला, अण्णा गर्दीत घुसून, “भुवई होती का?” इस्त्रीवाल्यानं बराच विचार करून “दोन होत्या” असं सांगितलं. पुतणीला मुलगा सांगून आला, तेव्हा सगळे पगार विचारत होते आणि हे फोटो उन्हाला धरून बसले होते. काकूंनी त्या दिवशी चहाचा कप जरा जोरातच ठेवला. “चाळीस वर्षं झाली लग्नाला. माझ्या भुवया कशा आहेत, डोळे मिटून सांगा बघू.” अण्णांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत.

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पारा त्रेचाळीसला टेकलेला, आणि परळापाशी सकाळी सकाळी एक विलक्षण प्राणी अवतरला. अंग तपकिरी, चोच पिवळी, आणि डोकं? डोक्यावर पिसाचा पत्ता नाही, नुसती पिवळीधमक कातडी. एखाद्या गिधाडाचं धुलाईत आकसलेलं पिल्लू असावं तसं. मी आपणहून फोन केला, ही माझी चूक.

“भुवई होती का?”

“अण्णा, डोक्यावर केस नाही एक, भुवई कुठनं आणू?”

पलीकडे शांतता. मग, “हलू देऊ नको बे त्याला. आलोच.”

आठ फुटांवरचा पक्षी अण्णा दुर्बिणीतून बघत होते. “चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा की कावळ्याएवढा?” हा त्यांचा दुसरा प्रश्न, कारण मापं या चारांतच घ्यायची असतात. मैनेएवढा, मी म्हणालो. “चालतो की उड्या मारतो?” चालतो की, चांगला ऐटीत, मान हलवत. अण्णांनी वहीत लिहिलं. मग पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मध्य आशियातून वाट चुकलेला असावा, असा एक अंदाज निघाला. वर्तमानपत्रात फोटो द्यायचा झाल्यास कुणाचं नाव आधी, यावर हलकीशी चर्चाही झाली. तीन चहा झाले. कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाली. साडेअकराला त्या पाहुण्यानं पंख पसरले, पंखात पांढरा डाग झळकला, आणि त्यानं तोंड उघडून जी काही कटकट सुरू केली ती मी जन्मापासून ऐकत आलोय.

अण्णांनी दुर्बीण खाली ठेवली. “साळुंकी आहे.”

“ही?”

“टक्कल पडलंय तिला. अंगावर किडे झाले, नाहीतर पिसं झडायच्या दिवसांत एकदम झडली, तर होतं असं. खालची कातडी पिवळीच असते.” मग त्यांनी स्वतःची टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “येतात तिची परत.”

पाच तास त्या माणसानं साळुंकीसाठी घालवले. मला त्या दिवशी राग यायला हवा होता. आला नाही, याचा मात्र आला.

आणि मग पावसाळ्यात एका रविवारी पहाटे ते स्कूटर घेऊन दारात उभे. बार्शी रस्त्यावरच्या कुण्या शेतकऱ्याच्या पोरानं नान्नजकडे माळढोक पाहिला होता म्हणे. माळढोक म्हणजे मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी. त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं, तेही साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या घरात. गावं, शेतं, रस्ते सगळं आत. पुढे ते आटून बाराशेवर आलं. माळावर पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, वर विजेच्या तारा आल्या. मादी एका वेळी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आता तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. अण्णांनी तरुणपणी इथेच पावसाळ्यात नराला गळ्याची पिशवी फुगवून घुमताना पाहिलेलं. हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, आणि एकदाच.

दुपारपर्यंत बसलो. काळविटं दिसली, चंडोल दिसले. गवत वाऱ्यानं हललं की अण्णांची मान वळायची.

परतताना मला राहवलं नाही. “अण्णा, त्या पोराला विचारलंत का, भुवई होती का म्हणून?”

स्कूटर बरीच पुढे गेली, तेव्हा उत्तर आलं. “नाही विचारलं. बगळा निघाला असता तर?”

येत्या रविवारी पुन्हा साडेपाचला निघायचंय. डबा माझ्याकडे आहे.