आपल्यापुरतं वाद्य

वाद्य वाजलं की चार लोकांना ऐकू यावं, ही आपली रास्त अपेक्षा. क्लॅव्हिकॉर्ड ती मुळीच मनावर घेत नाही. युरोपातल्या घरांतून तीन-चारशे वर्षं नांदलेलं हे पट्ट्यांचं वाद्य इतकं हळू बोलतं, की शेजारच्या खोलीतल्याला वाटावं, आत कोणी पत्र लिहीत बसलंय. संगीतकार हँडलच्या पहिल्या चरित्रात एक गोष्ट आहे. वडील शस्त्रवैद्य, मुलानं वकील व्हावं असा त्यांचा हट्ट, घरात संगीताला बंदी. पोरानं माळ्यावर क्लॅव्हिकॉर्ड चढवलं आणि सगळे झोपले की तो वाजवत बसे. गोष्टीत मीठमसाला असेलही, पण ती क्लॅव्हिकॉर्डचीच असू शकते. तिथे पियानो असता, तर पहिल्याच रात्री वडील जिना चढून आले असते आणि जगाला एक वकील जास्त मिळाला असता.

आतली रचना साधी आहे. पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकावर उभी असलेली पितळेची छोटी पात उचलली जाते आणि तारेला टेकते. टेकते आणि टेकूनच राहते. पियानोची हातोडी तार ठोकून मागे फिरते. पुढे त्या सुराचं काय होतं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. इथे बोट पट्टीवर आहे तोवर तार बोटाच्या ताब्यात. दाब किंचित कमी-जास्त केला की तारेचा ताण बदलतो आणि सूर झुलतो. जर्मन लोक याला ‘बेबुंग’ म्हणतात. आपल्याकडचे बुजुर्ग आंदोलन ओळखून मान डोलावतील. पट्ट्यांच्या वाद्यांवर आपला राग जुनाच आहे. त्यांतून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, अशा तक्रारींतून १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला दारच बंद केलं होतं. क्लॅव्हिकॉर्डमधूनही मींड निघत नाही, पण त्याचा सूर निदान बोटाचं ऐकतो. रेडिओच्या परीक्षेत ते कदाचित पासही झालं असतं, परीक्षकांना ऐकू आलं असतं तर.

या वाद्यावर जीव ओवाळून टाकणारा माणूस म्हणजे कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख, थोरल्या बाखचा मुलगा. त्याची नोकरी मात्र वेगळीच होती. १७४० मध्ये तो प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या दरबारी रुजू झाला. राजा बासरी वाजवायचा आणि बाखनं साथ करायची. ऑफिसच्या स्नेहसंमेलनात साहेब गाऊ लागले की तबलजीची जी अवस्था होते, तिच्यात या माणसानं सत्तावीस वर्षं काढली. राजाचे बासरीगुरू क्वान्ट्स यांना वर्षाला २००० थालर, बाखला सुरुवातीला ३००. वर राजाला ‘वाहवा’ म्हणायचा मानही क्वान्ट्स यांचाच. कोणी पाहुणा राजाच्या लयीची तारीफ करू लागला, तेव्हा बाख पुटपुटला म्हणे, की लय नव्हे, लयी म्हणा.

अशा नोकरीतल्या माणसाला घरी आल्यावर कोणाला ऐकू न जाणारं वाद्य प्रिय व्हावं, यात नवल नाही. वादकाची खरी पारख क्लॅव्हिकॉर्डवरच होते, असं त्याचं मत होतं. १७५३ च्या आपल्या ग्रंथात तो सांगतो, की ऐकणाऱ्याला हलवायचं असेल तर वाजवणाऱ्यानं आधी स्वतः हलायला हवं. १७७२ मध्ये इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी हॅम्बुर्गला त्याच्या घरी गेला, तेव्हा त्याला याचा पुरावाच मिळाला. जेवणानंतर बाख सिल्बरमाननं घडवलेल्या आपल्या लाडक्या क्लॅव्हिकॉर्डवर बसला तो रात्री अकरापर्यंत. नजर एका जागी खिळलेली, खालचा ओठ लोंबलेला, चेहऱ्यावर घामाचे थेंब. आवाज कुजबुजीएवढा आणि घाम पखवाजियाचा!

१७८१ मध्ये त्यानं हे वाद्य कूरलँडच्या ग्रोटहुस नावाच्या बॅरनला दिलं आणि सोबत निरोपाचा एक रोंडो, म्हणजे मुखडा पुन्हा पुन्हा परतून येणारी, एरवी खेळकर असणारी रचना, लिहून पाठवला. करुण रोंडोही लिहिता येतो याचा हा दाखला, आणि तो तुमच्याच वाद्यावर नीट वाजेल, असंही कळवलं. बॅरननं उलट टपाली वाद्य मिळाल्याच्या आनंदाचा रोंडो रचला. व्यवहार एकच, एकाचा गळा दाटलेला, दुसऱ्याला हर्ष मावेना.

पुढे सभागृहं वाढली, श्रोते वाढले आणि पियानो जिंकला. लोकांना दाखवायचं तर तोच हवा. क्लॅव्हिकॉर्डवर दाखवण्यासारखं काही नव्हतं. तिथे फक्त स्वतःला सापडायचं होतं.

तो निरोपाचा रोंडो आज रेकॉर्डिंगवर मिळतो. आवाज वाढवून ऐकला तर क्लॅव्हिकॉर्ड उगाचच भलंमोठं वाद्य होऊन बसतं. तेव्हा बटणाला हात लावण्याआधी पंखा बंद करावा, कुकर उतरवावा, घरच्यांना फिरायला धाडावं. एवढं करूनही नीट ऐकू आलं नाही, तर बाख आपल्यासाठी वाजवतच नव्हता, असं समजून रुसू नये.