रेणापूरच्या नगराध्यक्षपदाच्या खुर्चीस अनावृत पत्र

सौ. खुर्चीबाई, नगरपंचायत, रेणापूर यांस,



पत्रास कारण की, तुमच्यावर कोण बसणार याची चर्चा गावात बारमाही चालते, पण तुमच्या घराण्याची चौकशी कुणी करत नाही.

तुमचं वय तसं कोवळंच. कालपरवापर्यंत इथं ग्रामपंचायत होती. गंमत बघा, तोवर रेणापूरचं नाव अख्ख्या महाराष्ट्राला पाठ झालेलं. गोपीनाथराव मुंडे 1980 ला रेणापूर मतदारसंघातूनच पहिल्यांदा आमदार झाले आणि 1995 ला उपमुख्यमंत्री. मुंबईत उपमुख्यमंत्री रेणापूरचा, आणि रेणापुरात कारभार सरपंचाचा! पुढं 2009 च्या निवडणुकीआधी तो मतदारसंघच नकाशावरून पुसला गेला. आम्ही लातूर ग्रामीणमध्ये जमा झालो. त्या जखमेवरचं मलम म्हणजे तुम्ही, अशी आम्ही समजूत घालून घेतली.

तुमची थोरली बहीण लातूरला. तिच्यावर 1967 साली शिवराज पाटील चाकूरकर बसले, ते पुढं लोकसभेच्या अध्यक्षांच्या आसनापर्यंत गेले. 2011 ला लातुरात महानगरपालिका आली आणि थोरली महापौरपदाला पोचली. त्यामुळं तुमच्याकडं बघून इथल्या कितीएक तरुणांना दिल्ली दिसते, यात त्यांचा काय दोष?

आता मूळ मुद्दा. तुमच्यावर कुणाला बसवायचं हे आम्ही ठरवायचं की नगरसेवकांनी, याचा निकाल मुंबईला अजून लागेना. 1974 ला राज्यात नगराध्यक्ष थेट जनतेनं निवडले. मग तो हक्क गेला. 2001 ला आपल्या बाभळगावचे विलासराव मुख्यमंत्री असताना परत आला. 2006 ला गेला, तेव्हाही मुख्यमंत्री विलासरावच. 2016 ला फडणवीसांनी आणला. 2020 ला महाविकास आघाडीनं घालवला, तेव्हा नगरविकास खातं एकनाथ शिंदे यांच्याकडं होतं. 2022 ला तेच शिंदे मुख्यमंत्री झाले आणि लोकशाहीच्या प्रेमापोटी हक्क पुन्हा आमच्या हाती आला. दोन वर्षांत जनता एवढी शहाणी झाली, याचं श्रेय कुणी घेतलं नाही, हा त्यांचा विनय.

आत-बाहेर करण्याचं कारण साधं आहे. सतरा प्रभागांतले नगरसेवक ज्याच्या खिशात, त्याला आमचं मत अडचणीचं. ज्याचा चेहरा चालतो पण नगरसेवक जमत नाहीत, त्याला आमचं मत पवित्र. तत्त्व वगैरे मधे कुठं येत नाही.

त्यात आरक्षणाची चिठ्ठी मंत्रालयात निघते. महिलेची निघाली की राज्यभर बॅनरवर ताई हात जोडून आणि दादा त्यांच्या दुप्पट आकारात. तुमच्यावर बसतं कोण, बोलतं कोण, हे तुम्हालाच ठाऊक. फाईल शेवटी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर जाते, हे मात्र सगळ्यांना ठाऊक.

तर विनंती एवढीच. विधिमंडळात पुढचं दुरुस्ती विधेयक आलं की बाजारच्या दिवशी गावात दवंडी द्या, म्हणजे आपण शहाणे आहोत की अडाणी हे आम्हाला वेळेवर कळेल. आणि त्याच दवंडीत नळाला पाणी कधी सुटणार तेही सांगून टाका.

आपला,
एक मतदार (सध्या तरी)