नैसर्गिक, नग ५४

(पुण्यातली माहेरची बाळंतीण आतल्या खोलीत झोपलेली, शेजारी महिन्याची लेक. मधल्या खोलीत जावई सतरंजीवर डायपरचे चार पुडे मांडून बसले आहेत. सासूबाई सरकारी इस्पितळातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या आहेत. जावयाचा मान राखायचा, हा त्यांचा आजवरचा नियम आहे.)

जावई : आई, बसा ना. तुमच्या अनुभवाचा उपयोग करून घ्यावा म्हटलं. चारही नैसर्गिक आहेत.

सासूबाई : बाळ खाणार आहे का?

जावई : तिची त्वचा नाजूक आहे. डॉक्टर म्हणाले.

सासूबाई : मी तिथंच उभी होते, जावईबापू. ते म्हणाले, "नाजूक आहे, ओलं राहू देऊ नका." तुम्ही "नाजूक आहे" एवढं ऐकलंत आणि मोबाइल काढलात.

जावई : हा बघा, बांबूचा. बांबू म्हणजे शेवटी गवतच.

सासूबाई : आमच्या कोकणात बांबूचं बेट आहे. धसकट हातात घुसतं. हा एवढा मऊ कसा झाला?

जावई : (पुडा डोळ्यांजवळ नेत) "बांबू व्हिस्कोज."

सासूबाई : म्हणजे रेयॉन. आमचे दीर त्याच कारखान्यात होते. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइड घालून विरघळवायचा, मग आम्लात धागा ओढायचा. वाईट नाही हो, मऊ होतो धागा. पण बेटातून थेट आपल्या छकुलीच्या बुडाखाली आला, असं समजू नका. आणि हे झालं नुसतं वरचं अस्तर. आत काय आहे?

जावई : आत... आतही बांबूच असेल.

सासूबाई : फाडा.

जावई : आई, एक नग २१ रुपयांना पडतो!

(सासूबाई फाडतात. पांढरा भुगा उडतो. त्यातून बारीक चमकते दाणे सतरंजीवर सांडतात.)

जावई : हा कापूस ना?

सासूबाई : लाकडाचा लगदा, बहुतेक पाइनचा. आणि दाणे म्हणजे सोडियम पॉलिॲक्रिलेट. वाटीत पाणी आणा.

(दाणे पाण्यात पडतात आणि बघता बघता भिजल्या साबुदाण्यासारखे फुगतात. वाटी उपडी केली तरी थेंब पडत नाही.)

जावई : (हरखून) हे झाडापासून करतात?

सासूबाई : खनिज तेलापासून. साधं पाणी असेल तर स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पितं. शूमध्ये क्षार असतात, म्हणून तीसेक पट. तरी पुष्कळ झालं. बूड कोरडं ठेवतं ते हे. आणि तुम्ही नेमकं यालाच घराबाहेर काढायला निघालात.

जावई : मग दुसरा पुडा. "क्लोरीनमुक्त."

सासूबाई : हे कामाचं आहे. पूर्वी लगदा पांढरा करायला क्लोरीन वायू वापरायचे, त्यातून डायॉक्सिन तयार व्हायचं. "टोटली" लिहिलंय की "एलिमेंटल"?

जावई : एलिमेंटल.

सासूबाई : म्हणजे क्लोरीन वायू नाही, क्लोरीन डायऑक्साइड आहे.

जावई : मोठा भाऊ गेला, धाकटा राहिला.

सासूबाई : पण धाकटा बराच सुधारलेला आहे. फायदा मात्र कारखान्याखालच्या नदीला जास्त, नातीला कमी. तिसरा दाखवा.

जावई : हा माझा आवडता. लव्हेंडर आणि कोरफड. वनस्पतीच वनस्पती!

सासूबाई : खाजकुयलीसुद्धा वनस्पतीच.

जावई : वास तर घ्या.

सासूबाई : तोच तर नको. नाजूक कातडीला सुवासाचीच ॲलर्जी लवकर होते. बरं, बाळाला लव्हेंडर काय कळतंय? वास तुमच्यासाठी घातलाय, आणि तुम्ही डायपर बदलता कुठे?

(जावई तिसरा पुडा हळूच पिशवीत सरकवतात. पावती पाकिटात आहे, याची खात्री करतात.)

जावई : चौथ्यावर तर स्पष्टच आहे. "त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले."

सासूबाई : निकाल काय लागला?

जावई : तो... नाही लिहिलेला.

सासूबाई : आमच्या वॉर्डातले सगळेच तपासलेले असायचे. सगळे धडधाकट होते, असं नाही. ते राहू द्या. लाल कुठे झालंय, ते सांगा.

जावई : खाली.

सासूबाई : खाली म्हणजे? फुगीर भागावर, की जांघेच्या घड्यांत?

जावई : थांबा, फोटो असतील. (मोबाइल चाळत राहतात.) सगळे चेहऱ्याचेच आहेत.

सासूबाई : फुगीर भागावर असेल आणि घड्या स्वच्छ असतील, तर ओल आणि घासणं. शी आणि शू एकत्र राहिल्या की अमोनिया वाढतो, त्यानं शीतले पाचक रस चेकाळतात आणि कातडीच पचवायला घेतात. घड्यांत लालभडक आणि कडेला सुटे ठिपके असतील, तर बुरशी. मग डॉक्टरांचं मलम. आणि फक्त कंबरेच्या दोन्ही बाजूंना चट्टे असतील, तर इलॅस्टिकमधलं रबर नाहीतर गोंद. त्याला त्वचेचे डॉक्टर "लकी ल्यूक" म्हणतात.

जावई : तो चित्रकथांमधला काउबॉय? स्वतःच्या सावलीपेक्षा झटपट पिस्तूल काढणारा?

सासूबाई : तोच. पिस्तुलाचं म्यान असतं त्या जागी पुरळ येतं, म्हणून.

जावई : (पहिल्यांदाच मनापासून) आई, हे फार भारी आहे!

सासूबाई : आपल्या पोरीला झालं तर नाही.

जावई : मग मी म्हणतो, ही भानगडच नको. लंगोट! तुमच्या जुन्या सुती साड्यांचे. खराखुरा निसर्ग.

(सासूबाईंचा जावयाचा मान राखण्याचा नियम इथे थोडा सैल होतो.)

सासूबाई : तुम्ही शनिवारी येता, रविवारी जाता. सोमवारी दहा-बारा लंगोट कोण धुणार, निसर्ग? माझ्या दोन्ही पोरांचे मी विहिरीच्या पाण्यानं धुतलेत, पावसाळ्यात चुलीवर दोरी बांधून वाळवलेत. आणि ओला लंगोट अंगावर राहिला, तर तोही तेवढाच लाल करतो. दिवसा जमतील तेवढे लंगोट, रात्री डायपर. तोही साधा, बिनवासाचा, वजन बघून घेतलेला. शी झाली की लगेच, एरवी दोन-तीन तासांनी बदलायचा. दुपारी थोडा वेळ काहीच नाही, नुसती हवा. डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हवेवर अजून लावलेला नाही.

जावई : पण हा बांबूवाला निसर्गात विरघळतो म्हणे.

सासूबाई : वरचं अस्तर कदाचित विरघळेल, दाणे राहतील. आणि कचऱ्याच्या ढिगात दाबलेल्याला वारा कुठला? वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर लाल टिपका काढा. कचरा वेचणाऱ्या बायकांनी पुण्यात किती वर्षं हे सांगितलंय. टिपका नसला की त्या बाईला हातानं उघडून बघावं लागतं.

(आतून रडणं. सासूबाई उठत नाहीत. जावई त्यांच्याकडे बघतात, त्या पंख्याकडे बघतात. शेवटी जावई आत जाऊन लेकीला घेऊन येतात.)

सासूबाई : कोमट पाणी आणि कापूस. मुलगी आहे, पुढून मागे पुसा. घासू नका, टिपा.

जावई : (वाकून, अतिशय गंभीरपणे) फुगीर भागावर लाल आहे. घड्या स्वच्छ. कंबरही स्वच्छ.

सासूबाई : म्हणजे नुसती ओल. झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा.

जावई : लकी ल्यूक नाही?

सासूबाई : नाही. वाईट वाटलं?

जावई : थोडंसं. (पिशवीतून डबा काढत) आणि वरून ही पावडर.

सासूबाई : टाल्क आहे, ती नको. श्वासावाटे छातीत जाते.

जावई : पण आई, टाल्क म्हणजे खनिज! खाणीतून काढायचं, दळायचं. आज आणलेल्यांतली खरी नैसर्गिक वस्तू हीच एक निघाली की!

सासूबाई : डबा खाली ठेवा, जावईबापू. आणि हात लवकर चालवा, तिनं परत केली.