एम्प्रेसमध्ये

व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानात कधी आलीच नाही. पण आमच्या नागपुरात तिच्याकडे रोज हजारो माणसं डबे घेऊन जात. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात तिला सम्राज्ञी म्हणून पुकारलं गेलं आणि त्याच दिवशी जुम्मा तलावाजवळ जमशेदजी टाटांची गिरणी सुरू झाली, म्हणून 'एम्प्रेस'. कंपनीचं कागदोपत्री नाव सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग असं मालगाडीएवढं लांब. ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही. जागा मूळची दलदलीची. भराव पडत असताना एका सावकाराने पैसे द्यायचं नाकारलं, म्हणे, हा गृहस्थ सोनं जमिनीत घालतोय. पुढे त्यानेच कबूल केलं, की घातली ती माती आणि काढलं ते सोनं. दलदलीची आठवण मात्र इमारतीने जपली असावी. आत हवा मुद्दाम ओलसर ठेवत, सूत तुटू नये म्हणून. बाबा सांचाखात्यातून घरी येत तेव्हा ऐन मे महिन्यातही त्यांचा सदरा दमट असे आणि केसांवर कापूस, सावरीच्या म्हाताऱ्या उतराव्यात तसा. आमचं भिंतीवरचं घड्याळ भोंग्याला विचारूनच चाले. आई कणीकसुद्धा भोंग्यावर भिजवी.

२००२ साली गिरणी कायमची थांबली. आता तिथे मॉल आहे, आणि तोही एम्प्रेसच. त्याच्या आत हिंडताना मी खिडकी शोधत राहतो. गिरणी वेळ ओरडून सांगायची. ही इमारत वेळ पदराआड लपवते. हवा आता गार आणि कोरडी. सूत नव्हे, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून.

परवा पुतणीचा फोन आईने घेतला. "आजी, मी एम्प्रेसमध्ये आहे, उशीर होईल."

आईची आठवण हल्ली कुठेही उसवते. तिने सहज विचारलं, "कोनत्या पाळीले गेली वं?"

पलीकडे गाण्यांचा गलका. मग पोरगी म्हणाली, "दुसऱ्या, आजी."

"डबा नेला?"

"नेला."

रात्री पुतणी भल्यामोठ्या कागदी पिशव्या सावरत आली, तेव्हा आई उंबऱ्याशी जागीच होती. तिने पिशव्यांकडे पाहिलंही नाही. पोरीला खाली वाकवलं आणि तिच्या केसांवरून हलकेच हात फिरवला, दोनदा, कापूस झटकावा तसा.